आत्या, भडंग आणि सेव्हन्स : दुबई ते सिंगापूर

आधीच सांगून टाकतो, मला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आता थोडंफार कळतं ते आत्यामुळं. आत्या म्हणजे माझी सख्खी आत्या, वय ६४, मुक्काम सांगली, तरुणपणी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेली, उजवा कोपरा. अजूनही कुणी जिना उतरताना घसरलं तर आधी त्याचा पाय कसा पडला ते सांगते आणि मग हात देते.

तर झालं असं की २०२४ च्या नोव्हेंबरात दुबईला ताईच्या बाळाचं बारसं होतं. आत्या महिनाभर आधीच बाळंतिणीचं बघायला गेली होती, मी आठवड्यापुरता गेलो. दाजींना ऑफिसातून रग्बी सेव्हन्सची तिकिटं मिळाली होती, ताई बाळामुळं येणार नव्हती, आणि दाजी म्हणाले चला, तेवढीच आत्यांना हवा मिळेल.

दुबई, ३० नोव्हेंबर

स्टेडियम शहरात नाही, अल ऐन रोडवर पार बाहेर आहे. तिथं जायला मेट्रो नाही, रात्री परत येताना टॅक्सीच्या रांगेत ताटकळायला होतं, त्यामुळं कुणाची गाडी असेल तर उत्तम. आणि स्वेटर घ्या हो. दुपारी टोपीशिवाय बसवत नाही आणि रात्री वाळवंटातला गारठा हाडात जातो.

मला वाटलं होतं एक मैदान असेल, खुर्च्या असतील, बसायचं. तिथं तर जत्राच. मुख्य स्टेडियमच्या भोवती मैदानंच मैदानं, कुठं शाळेतल्या पोरी खेळतायत, कुठं पोट सुटलेले काका, कुठं नेटबॉल. दाजी कॉफी आणायला गेले, मी फोनमध्ये डोकं घातलं आणि वर बघतो तर आत्या गायब. वीस मिनिटं शोधलं. सापडली ती एका आडबाजूच्या मैदानावर, रेषेला चिकटून, साडीचा पदर कमरेला खोचून, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींची मॅच बघत.

मी चिडणार तेवढ्यात म्हणाली, "सातच जणी आहेत रं. आपल्यासारख्या."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कबड्डीतही सात, इथंही सात. फक्त कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर आणि ह्यांचं पंधरा जणांच्या रग्बीचं पूर्ण मैदान, शंभर मीटर लांब. तेवढ्या माळरानात सात जणांनी पळायचं म्हणून मॅच फक्त १४ मिनिटांची, ७ आणि ७. त्याहून जास्त खेळले तर माणूस आडवाच व्हायचा. पलीकडच्या टोकाला रेषेपार बॉल टेकवला की ५ गुण, त्याला ट्राय म्हणतात, मग बॉल जमिनीवर टप्पा देऊन खांबांमधून मारला की आणखी २. ज्यानं गुण केले त्यानंच परत किक मारून डाव सुरू करायचा, म्हणजे समोरच्याच्या हातात बॉल द्यायचा. आत्याला हे फार आवडलं. "न्याय आहे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फायनल्स. बायकांत ऑस्ट्रेलियानं न्यूझीलंडला थोडक्यात हरवलं, पुरुषांत फिजीनं स्पेनला. परत येताना गाडीत आत्या गप्प होती, मला वाटलं दमली. ताईच्या दारात चपला काढताना विचारलं, "पुढची कुठं असती?"

पुढची केप टाऊनला होती. मग पर्थ, मग व्हँकुव्हर. ही देशोदेशी फिरणारी एकच जागतिक मालिका, सगळं मिळून सात मुक्कामांचा सीझन (परत सात!). सगळीकडं जायला आमचं काय घराणं लागून गेलंय, त्यामुळं ह्या तिन्ही आम्ही फोनवर बघितल्या, मी पुण्यात, ती सांगलीत, आणि मध्येच तिचा फोन यायचा, "बघितलंस का त्यानं कसा पट काढला?" केप टाऊनला दक्षिण आफ्रिका घरच्या मैदानावर जिंकली, पर्थ आणि व्हँकुव्हर दोन्ही अर्जेंटिनानं मारलं. फेब्रुवारीत तिनं कळवलं की एक एफडी मोडली आहे, हाँगकाँग आणि सिंगापूर लागोपाठच्या शनिवार-रविवारी आहेत, एका तिकिटात दोन होतात. तिकीट कुणी काढायचं हे विचारायची गरजच नव्हती.

हाँगकाँग, गुरुवार २७ मार्च

विमान, इमिग्रेशन सगळं सुरळीत. भारतीयांना हाँगकाँगसाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, फुकट असते, त्यावर १४ दिवस राहता येतं. तो कागद प्रिंट करून न्या, फोनवर अवलंबून राहू नका.

खोली चिम शा चुईत घेतली होती. फोटोत खोली दिसत होती, प्रत्यक्षात दोन पलंग आणि मधे एक वीतभर जागा. बॅग उघडायची तर पलंगावर, आणि एकजण बॅग उघडत असताना दुसऱ्यानं बाथरूममध्ये जाऊन उभं राहायचं. आत्या म्हणाली आमच्या शिबिरात चाळीस पोरी एका वर्गात झोपायचो, तू झोप गप.

शुक्रवार २८ मार्च

हाँगकाँग सेव्हन्सची पहिली स्पर्धा २८ मार्च १९७६ ला झाली होती आणि आम्ही स्टेडियमवर पोचलो तोही २८ मार्चच. योगायोग, पण मला उगाचच भारी वाटलं. २०२४ पर्यंत स्पर्धा सो कोन पोच्या जुन्या स्टेडियमवर व्हायची, २०२५ ला पहिल्यांदाच नव्या काई ताक स्टेडियमवर. काई ताक म्हणजे तेच जुनं विमानतळ, जिथं विमानं इमारतींच्या गच्च्यांना घासून उतरायची म्हणतात, १९९८ ला बंद झालं. आता तिथं ५० हजार खुर्च्या आणि उघडमीट होणारं छप्पर.

गेटवर पिशवी तपासली. आत्याच्या पिशवीत सांगलीचं भडंग, अर्धा किलोचा पुडा. बाहेरचं खायचं आत नेता येत नाही. तपासणारी पोरगी बिचारी नम्रपणे हातानंच खुणा करत होती की टाकून द्या. आत्या तिच्याकडं असं बघायला लागली जणू तिनं अन्नाला पाय लावलाय. मग वळली, पुडा फोडला आणि रांगेत मागं उभ्या असलेल्या लोकांना मूठ मूठ वाटायला सुरुवात केली. दोन ऑस्ट्रेलियन, एक चिनी जोडपं, एक लहान मुलगा, अंगभर केळ्याचा पोशाख घातलेले चार गोरे. केळ्यांपैकी एकाला लसणाचा तुकडा इतका आवडला की त्यानं परत हात पुढं केला. पाच मिनिटांत पुडा रिकामा, तपासणाऱ्या पोरीनंही शेवटी चिमूटभर घेतलं, आणि आम्ही आत.

मॅचेस सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक, बायकांची एक, पुरुषांची एक, मध्ये उठायला वेळच मिळत नाही. बायकांचे बारा संघ, पुरुषांचे बारा. "आपला कुठाय?" हा प्रश्न आत्यानं दिवसभरात तीनदा विचारला. आपला नाही ह्यात. मग तिनं जपानच्या मुली दत्तक घेतल्या, कारण त्या समोरच्यांपेक्षा हातभर बुटक्या आणि सरळ घोट्यात शिरतात.

मला तिनं बघायला शिकवलं ते इथं. मी बॉल बघायचो. ती म्हणाली बॉल सोड, तो कुठं पळत नाही. जो पडलाय त्याच्या शेजारचा किती लवकर उठतो ते बघ. खरंच, सात जणांतला एक जमिनीवर असला की सहा उरतात आणि तेवढ्या मोठ्या मैदानात सहा म्हणजे दार उघडं. पिवळं कार्ड मिळालं तर दोन मिनिटं बाहेर, चौदातली दोन. त्यात दोन ट्राय आरामात होतात.

शनिवार २९ मार्च

हवा ढगाळ, बाहेर गार वारं आणि मधूनच भुरभुर. सकाळी पायनॅपल बन खाल्ला (अननस नसतो त्यात, नुसता वरचा पापुद्रा तसा दिसतो) आणि दूध घातलेला कडक चहा, जो आत्याला आल्याशिवायसुद्धा चालला, म्हणजे चांगला असणार. ती शाकाहारी आहे, त्यामुळं सांगतो, चिनी हॉटेलांवर शाकाहारासाठी एक अक्षर असतं, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि पाटीशी ताडून बघा. नाहीतर भाजी म्हणून मागवलेल्यात डुकराचा खिमा निघतो. आमच्या निघाला. तो मी खाल्ला.

आज शेजारी बसला होता एक साठीचा माणूस, फिजीचा पांढरा जर्सी, चेहरा मात्र आपल्याकडचा. आत्यानं सरळ हिंदीत विचारलं, कुठले. तर म्हणाला, हम लोग फीजी के. त्याच्या आज्याचा बाप गिरमिटातून, म्हणजे मजुरीच्या करारावर, उसाच्या मळ्यावर गेलेला. १८७९ पासून १९१६ पर्यंत जहाजं भरभरून माणसं नेली इंग्रजांनी, हे शाळेत एका ओळीत वाचलं होतं, माणूस आज भेटला. त्याची हिंदी वेगळीच, थोडी भोजपुरी वळणाची, आणि आत्याची हिंदी म्हणजे मराठीला है लावलेली. तरी दोघांचं तासभर उत्तम चाललं होतं, मीच मधे अडाणी.

मग त्यानं पाकिटातून एक नोट काढली. प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेली, हिरवट, ७ डॉलरची. सातची नोट! २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये फिजीनं सेव्हन्सचं सुवर्ण जिंकलं, देशाचं पहिलं ऑलिंपिक पदक, त्यासाठी त्यांच्या रिझर्व्ह बँकेनं काढली. तिच्यावर कप्तान ओसेया कोलिनिसाऊ बॉल घेऊन पळतोय, शिवाय संघ आणि कोच बेन रायन. खरी नोट आहे, दुकानात चालते, पण खर्च कोण करणार, असं तो म्हणाला. आत्यानं ती दोन्ही हातांनी धरली, उलटसुलट केली, परत देताना कपाळाला लावली. मग माझ्याकडं वळून मराठीत, "आपल्याकडं कबड्डीवाल्याला एसटीचा पास मिळवायला हेलपाटे घालायला लागायचे."

टीप : दक्षिण बाजूचा स्टँड हा वेषांतराचा अड्डा आहे, १८ वर्षांवरच्यांनाच सोडतात, बिअर, गाणी, धिंगाणा. मॅच बघायची असेल तर तिथं बसू नका. एक चक्कर मात्र मारा.

रविवार ३० मार्च, पाडवा

आत्यानं सांगलीहून येतानाच तयारी केली होती. खणाचा तुकडा, साखरेच्या गाठी आणि पेल्याएवढा तांब्या. काठी नव्हती. खालच्या नूडलच्या दुकानातून लांब चॉपस्टिक आणली, मालकाला काय सांगितलं तिलाच ठाऊक. कडुलिंब कुठून मिळणार, चुंगकिंग मॅन्शन्समध्ये भारतीय किराणा मिळतो तिथं कढीपत्ता मिळाला, तो बांधला. खिडकी उघडत नव्हती म्हणून गुढी काचेला आतून चिकटपट्टीनं. समोर सतरा मजले आणि वाळत घातलेले कपडे. नमस्कार केला, गाठीचा एकेक खडा तोंडात टाकला.

आणि मग तिनं नऊवारी नेसली. नथ, चंद्रकोर, पायात बूट. पाडवा आहे म्हणून. काई ताकला मेट्रोतून उतरल्यावर लक्षात आलं काय होणार आहे. आजूबाजूला फ्लेमिंगो, नन्स, अंतराळवीर, आणि त्यात आत्या. लोकांना वाटलं हा पण वेशच. फोटोवर फोटो. एका फ्लेमिंगोनं विचारलं हा कुठल्या कॅरेक्टरचा ड्रेस आहे, मी समजावायला गेलो तर आत्या म्हणाली राहू दे, म्हणून सांग की माझाच. दक्षिण स्टँडमध्ये चक्कर मारायला गेलो तेव्हा शुक्रवारची केळी भेटली, त्यांनी भडंगाची चौकशी केली.

बायकांत न्यूझीलंड. जोर्जा मिलर म्हणून एक मुलगी आहे त्यांच्यात, तिला पकडायला दोघी लागतात आणि दोघी लागल्या की तिसरीकडं जागा होते. जिंकल्यावर त्यांनी मैदानातच हाका केला, म्हणजे माओरी लोकांचा पाय आपटत, ओरडत करायचा नाच. आत्या त्यांचे गुडघे बघत होती, "किती खाली बसत्यात बघ."

पुरुषांची फायनल अर्जेंटिना आणि फ्रान्स. फ्रान्स म्हणजे पॅरिस ऑलिंपिकचे सुवर्णवाले. १२-७ असा निकाल, म्हणजे फार ट्राय नाहीत, सगळी झटापट, सगळ्या पकडी. माझ्या पुढचा माणूस कंटाळून फोन बघत होता आणि आत्या खुर्चीच्या कडेला. अर्जेंटिना जिंकलं, हाँगकाँगला पहिल्यांदाच. पुढच्या रांगेत निळे-पांढरे पट्टे घातलेला एक मुलगा हुंदके देऊन रडत होता. आत्यानं त्याला उरलेल्या गाठीतला खडा दिला. त्यानं न विचारता खाल्ला.

फायनल संपल्यावर लगेच मेट्रोकडं धावू नका, तुंबते. सुंग वाँग तोई स्टेशनच्या बाजूला चालत कौलून सिटीत जा, तिथं थाई लोकांची वस्ती आहे, छोटी छोटी खानावळी. आम्ही आंब्याबरोबरचा चिकट भात खाल्ला, मग शांतपणे मेट्रो.

३१ मार्च ते ४ एप्रिल

मधले दिवस भटकंती. डबल डेकर ट्राममध्ये कितीही बसा, तेव्हा ३ हाँगकाँग डॉलर होते, ऑक्टोपस कार्ड (तिथलं प्रवासाचं कार्ड) टेकवून उतरायचं. स्टार फेरी चुकवू नका. ती सुरू करणारा मूळचा मुंबईचा पारशी, दोराबजी नौरोजी मिठाईवाला, ही माहिती मी वाचून गेलो होतो आणि आत्याला ऐकवली, तर ती म्हणाली मग भजी ठेवायला पाहिजे होती बोटीवर.

सो कोन पोचं जुनं स्टेडियम बाहेरून बघून आलो. गेट बंद, आत शुकशुकाट, हिरव्या डोंगराच्या कुशीत. जागा म्हणाल तर नव्यापेक्षा हीच सुंदर, माझं मत. ४ तारखेला त्यांचा छिंग मिंग, पूर्वजांची थडगी झाडायचा दिवस. आठवडाभर दुकानांत जाळायला कागदी वस्तू लटकलेल्या, कागदी शर्ट, कागदी मोबाइल, चार्जरसकट. आत्या बराच वेळ उभी होती. शेवटी म्हणाली, आपण पानावर वाढतो, हे चार्जर देत्यात.

इथं मी एक माती खाल्ली. सिंगापूरला जायच्या आधी तीन दिवसांत अरायव्हल कार्ड भरायचं असतं. गूगलवर पहिली आलेली साइट उघडली, भरलं, पैसेही भरले. नंतर कळलं की सरकारी साइटवर ते फुकट आहे, ही कुठली तरी मधली दुकानदारी होती. परत खऱ्या साइटवर भरलं. आत्याला अजून सांगितलेलं नाही, हे वाचत असेल तर कळेलच. व्हिसा मात्र आधीच एजंटकडून काढलेला होता, तो लागतोच.

सिंगापूर, शनिवार ५ एप्रिल

उकाडा. मे महिन्यातलं मिरज अधिक पाऊस. नॅशनल स्टेडियमचं घुमटासारखं छप्पर आहे त्यामुळं ऊन लागत नाही, सर्कल लाइनवर स्टेडियम नावाचंच स्टेशन, दारात उतरता. वेगळं कार्ड काढायची गरज नाही, बँकेचं कार्ड टेकवलं की चालतं.

इथं आमच्या बाजूला केनियाच्या चार बायका, लाल-हिरवे-काळे झेंडे आणि घसे आधीच बसलेले. त्यांचा संघ म्हणजे शुजा. सीझन यथातथाच गेलेला, कुणाला फार आशा नाही. आत्याला इंग्रजी येत नाही आणि त्यांना मराठी, पण मधल्या सुट्टीत एकीनं चाय म्हटलं आणि आत्याचे कान टवकारले. मग खेळच सुरू झाला. चपाती? चपाती! पैसा? पेसा! दुकान? दुका! विम्याला बिमा. समुद्रापलीकडं शब्द कसे गेले असतील देव जाणे, व्यापाऱ्यांबरोबरच, पण त्या चौघी आणि आत्या बोटांवर मोजत बसल्या होत्या आणि समोर अमेरिकेची अख्खी मॅच होऊन गेली.

रविवार ६ एप्रिल, रामनवमी

सकाळी सरंगून रोडवरच्या श्रीनिवास पेरुमाळ मंदिरात दर्शन, मग केळीच्या पानावर जेवण, दुपारी ढगांचा गडगडाट आणि धो धो पाऊस, छप्परावर ताशा वाजल्यासारखा.

आणि केनिया फायनलला गेलं. समोर फिजी. २०१६ ला ह्याच मैदानावर ह्याच दोघांची फायनल झाली होती, केनियानं ३०-७ नं मारली होती, आणि त्या चौघींपैकी मोठी बाई तेव्हाही इथं होती. ती हे सांगताना माझा दंड इतका घट्ट धरून होती की दुसऱ्या दिवशी वळ.

आत्याची पंचाईत झाली. एकीकडं सातच्या नोटेवाला, एकीकडं ह्या चौघी. म्हणाली मी पंच आहे. पण केनियाच्या एकानं रेषेच्या हातभर अलीकडं फिजीच्या अंगानं दुप्पट माणसाला घोट्यात धरून आडवा केला तेव्हा पंच उभ्या राहिल्या आणि असं ओरडल्या की पुढच्या तीन रांगा वळल्या. फिजीच जिंकलं, २१-१२. जिंकल्यावर त्यांचे खेळाडू गोल करून खांद्यावर हात टाकून गायला लागले, भजनच ते, तीन-चार आवाज एकमेकांत मिसळलेले. स्टेडियम हळूहळू गप्प झालं. मोठी बाई डोळे पुसत म्हणाली, सावा, म्हणजे ठीक आहे. आत्यानं तिचा हात हातात घेतला आणि तशीच बसून राहिली, गाणं संपेपर्यंत.

बाकी त्या दिवशी सीझनचा हिशोब पण लागला, सहा मुक्कामांच्या गुणांत पुरुषांत अर्जेंटिना आणि बायकांत न्यूझीलंड पहिले. शेवटचा मुक्काम मे मध्ये लॉस एंजेलिस, तो आम्ही परत फोनवर, दक्षिण आफ्रिकेनं स्पेनला हरवलं.

जूनमध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, तीही सातचीच, सहा संघ, आपली पोरं आणि बाहेरचे खेळाडू एकत्र. आत्या सांगलीहून रात्रीच्या गाडीनं आली, धुवांधार पाऊस, साडी पोटरीपर्यंत भिजलेली. गेटवर पिशवी उघडायला लावली. ह्या वेळी दोन पुडे होते. एक तिनं शांतपणे फोडला आणि रांगेकडं वळली, दुसरा कुठं लपवला होता ते मला मॅच सुरू झाल्यावर कळलं.